पिसान्का, पीस आणि 'लिहिलेलं' अंडं

प्रश्न असा आलाय: युक्रेनमधे ईस्टरला नक्षीची अंडी करतात त्यांना पिसान्का म्हणतात, आणि त्याचा अर्थ जिकडे तिकडे 'लिहिलेलं' असा दिलेला असतो, पण त्या अंड्यावर एक अक्षरही नसतं, मग लिहिलेलं कसं काय? आणि अंडं म्हणजे पक्षी, तर आपल्या 'पीस'शी याचं काही नातं आहे का?

पीसचं आधी उरकून टाकतो. नाही, काही नातं नाही. आपलं पीस संस्कृत 'पिच्छ'वरून आलंय, पिसारा त्याच घरातला. मलाही पहिल्यांदा ऐकल्यावर हेच वाटलं होतं म्हणून हसत नाहीये, पण निव्वळ योगायोग आहे.

आता लिहिण्याचं. पिसान्का हा शब्द 'पिसाती' या क्रियापदावरून आलाय आणि आजच्या युक्रेनियनमधे त्याचा अर्थ लिहिणे हाच आहे. पोलिशमधे पिसाच, रशियनमधे पिसात्य, सगळी एकाच आईची लेकरं. (रशियन शिकणाऱ्यांनो, जोर शेवटावर द्या, पहिल्या अक्षरावर दिलात तर 'शू करणे' असा अर्थ होतो, वर्गात एकदा तरी हा प्रकार होतोच.) पण गंमत अशी की 'लिहिणे' हा या धातूचा नंतरचा अर्थ. मूळ अर्थ कोरणे, रंगवणे, सजवणे असा काहीसा होता, आणि त्याचा संस्कृतातला भाऊ आहे 'पिश्'. ऋग्वेदात 'त्वष्टा रूपाणि पिंशतु' असं आहे ना, म्हणजे त्वष्टा या घडवणाऱ्या देवाने रूपं घडवावीत, ते पिंशतु म्हणजे हाच. गर्भासाठीचा मंत्र आहे तो, आणि आपण बोलतोय अंड्याबद्दल, पण त्यातून काही सिद्ध होत नाही हं, उगाच फॉरवर्ड करू नका. पीठ, पिष्ट यांचा 'पिष्' वेगळा, तो दळणारा. संस्कृतातल्या या श च्या जागी स्लाव्ह भाषांत स येतो हे नेहमीचंच आहे, आपलं दश तिकडे देस्यत, शत तिकडे स्तो.

म्हणजे अंड्याला 'लिहिलेलं' म्हणतात ते विचित्र नाहीच, उलट शब्दाने जुना अर्थ तिथे धरून ठेवलाय असं मला वाटतं. रशियनमधे अजूनही देवाची आयकॉन, म्हणजे पूजेचं चित्र, 'लिहितात', ऑइल पेंटिंगही 'लिहितात'. आणि आपण तरी काय वेगळे, लिख् म्हणजे मुळात ओरखडणे, रेघ ओढणे. संस्कृतात आलेख्य म्हणजे चित्र. उषेची मैत्रीण चित्रलेखा आठवा, तिने राजपुत्रांची चित्रं काढून दाखवली त्यात अनिरुद्ध सापडला, तिच्या नावातली 'लेखा' काही निबंध लिहीत नव्हती.

शिवाय अंडं करायची पद्धत बघितली की क्रियापद आपोआप पटतं. ब्रशने रंग फासत नाहीत. काडीच्या टोकाला धातूची बारीक नळी बसवलेली असते, तिला किस्तका किंवा पिसाचोक म्हणतात (परत तेच पिसाती!), त्यात मधमाशीचं मेण घेऊन मेणबत्तीवर तापवायचं आणि त्या वितळलेल्या मेणाने अंड्यावर रेघा ओढायच्या. जिथे पांढरं राहायला हवं तिथे आधी मेण, मग पिवळ्या रंगात बुडवायचं, जिथे पिवळं हवं तिथे मेण, मग नारिंगी, मग लाल, असं फिकटाकडून गडदाकडे जात शेवटी काळा, आणि मग ज्योतीजवळ धरून सगळं मेण पुसून काढायचं. बाटिकच की, फक्त कापडाऐवजी कवच. शेवटपर्यंत अंडं काळं मेणचट दिसतं आणि मग एकदम उघडतं.

अजून एक घोटाळा मराठी लेखांत हमखास होतो. सगळ्याच रंगीत अंड्यांना पिसान्का म्हणत नाहीत. एकाच रंगात उकडलेलं, कांद्याच्या सालींनी वगैरे, ते क्राशान्का, आणि ते खायचं असतं. पिसान्का परंपरेने कच्च्या अंड्याची, ती खायची नाही, द्यायची आणि जपायची. क्राशान्कातला शब्द रंगाचा, 'क्रासा' म्हणजे सौंदर्य त्याच्या शेजारचा, मॉस्कोच्या रेड स्क्वेअरचं नावही मूळ 'सुंदर चौक' असंच होतं, लाल अर्थ नंतर चिकटला. चेक लोक मात्र नक्षीच्या अंड्यालाही क्रास्लित्से म्हणतात, म्हणजे तिथे लिहिणं गेलं आणि सौंदर्य उरलं.

पश्चिम युक्रेनमधल्या कार्पेथियन डोंगरातल्या हुत्सुल लोकांत एक समजूत आहे की एक दुष्ट सर्प साखळदंडांनी बांधलेला आहे, ज्या वर्षी पिसान्का कमी होतात त्या वर्षी साखळ्या ढिल्या पडतात. त्याच भागात कोलोमिया गावात अंड्याच्याच आकाराची इमारत असलेलं पिसान्का म्युझियम आहे, आणि 2024 मधे युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत ही कला युक्रेन आणि एस्टोनियाच्या नावे गेली, त्यामुळेच बहुतेक हा प्रश्न सध्या जास्त विचारला जातोय.

मराठीत लिहिताना काय म्हणावं? 'अंड्यावर नक्षी लिहितात' हे कानाला खटकतं, आपण रांगोळी काढतो, मेंदी काढतो, तसं मेणाने नक्षी काढतात म्हणा. शब्दार्थ द्यायचाच असेल तर 'रेखलेलं' लिहा, रेखा आणि लेखा तशाही सख्ख्या बहिणी आहेत.