सीबी१ रिसेप्टरवर डॉकिंगसाठी पीडीबीतली कुठली फाइल घ्यावी? सगळ्यात चांगल्या रेझोल्यूशनची घेतली तर चालेल ना?

नाही चालणार. (नवख्यांसाठी: सीबी१ म्हणजे गांजातला टीएचसी ज्याला चिकटतो तो रिसेप्टर, पीडीबी म्हणजे प्रोटीनच्या त्रिमितीय रचनांचा जाहीर साठा, डॉकिंग म्हणजे रेणू प्रोटीनच्या खिशात कसा बसतो ते संगणकावर बघणं; आणि रेझोल्यूशनचा आकडा जितका लहान तितकं चित्र स्पष्ट.) एरवी मी उत्तर दिलं नसतं, पण ‘सगळ्यात चांगल्या रेझोल्यूशनची’ हे शब्द वाचले आणि बसलो. याच शब्दांपायी माझे सात महिने गेलेत.

वेदना कमी करणारा अ‍ॅगोनिस्ट (रिसेप्टरला जागं करणारा रेणू) शोधताय असं तुम्ही खाली लिहिलंय. मीही तेच शोधत होतो. २०१६ च्या शेवटी सीबी१ च्या दोन रचना पाठोपाठ आल्या: एएम६५३८ हा रेणू बसलेली २.८ अँगस्ट्रॉमची (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा कोटीवा भाग) आणि टारानाबंट हा रेणू बसलेली २.६ ची. दोन्हींत रिसेप्टर झोपलेला, म्हणजे निष्क्रिय. २०१७ मध्ये एएम११५४२ हा अ‍ॅगोनिस्ट बसलेली आली, तीही २.८. मी म्हटलं, ही घेऊ. सर म्हणाले, “२.६ हातात असताना २.८ कशाला?” टारानाबंट रिसेप्टरला गप्प करतो, हे मी दोनदा सांगून पाहिलं. “प्रोटीन तेच आहे ना?” विषय संपला.

प्रोटीन तेच, खिसा तो नव्हे. एएम६५३८ आणि एएम११५४२ च्या फाइली पायमॉलमध्ये (रचना दाखवणारं सॉफ्टवेअर) एकावर एक ठेवा. अ‍ॅगोनिस्टवालीत पहिली आणि दुसरी हेलिक्स (प्रोटीनचा मळसूत्रासारखा वळलेला भाग) साडेसहा अँगस्ट्रॉमहून जास्त आत आलेली दिसेल. खिशाचं आकारमान ५३ टक्क्यांनी घटतं, म्हणजे निम्म्याहून कमी उरतं! तळाशी फिनाइलअ‍ॅलानिन २०० आणि ट्रिप्टोफॅन ३५६ या अमिनो आम्लांची वलयं झोपेत एकमेकांना चिकटून असतात. अ‍ॅगोनिस्ट आला की ही जोडी फुटते, सहाव्या हेलिक्सचं पेशीतलं टोक बाहेर सरकतं आणि पेशीत निरोप पुढे नेणाऱ्या जी-प्रोटीनला जागा होते.

आमच्या निकालांत हे सगळं दिसत होतं, फक्त वाचता आलं नाही. त्या ऐसपैस खिशात टीएचसी म्हणजे धाकट्याने मोठ्या भावाचा सदरा घातलेला. दर रनला नवी पोझ. वर येत होते ते तीन फाट्यांचे जाडजूड रेणू, आणि स्कोअर झकास. त्यातले सहा मागवले, सायक्लिक एएमपीची (पेशीतला एक निरोप्या रेणू) चाचणी लावली. सीबी१ हा जीआयला, म्हणजे सायक्लिक एएमपी रोखणाऱ्या जी-प्रोटीनला, जोडलेला, अ‍ॅगोनिस्टने सायक्लिक एएमपी खाली यायला हवं. चार रेणू ढिम्म. दोघांनी उलट वर नेलं. “पेशी बिघडल्या असतील, परत कर.” तीनदा केलं.

डॉकिंग चुकलं नव्हतंच हो. झोपलेल्या रिसेप्टरला विचारलं, त्याने झोपवणारे रेणू दिले. रिमोनाबंटचे चुलतभाऊ! तेच रिमोनाबंट, ज्याला २००६ मध्ये युरोपात लठ्ठपणासाठी परवानगी मिळाली आणि नैराश्य, आत्महत्येचे विचार यांमुळे २००८ मध्ये विक्री थांबवावी लागली. आम्ही निघालो होतो वेदनाशामक शोधायला. अहवालात मात्र ‘चाचणीतील तांत्रिक अडचणी’ असं गेलं, आणि चाचणी मी केली होती.

तर, ५एक्सआरए घ्या, म्हणजे ती एएम११५४२ वाली. जी-प्रोटीनसकट हवी असेल तर २०१९ ची क्रायो-ईएमची (गोठवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलेली) ६एन४बी, ती ३.० ची आहे, असू दे. आधी टीएचसी आणि आनंदमाइड (शरीरातच बनणारा रेणू, नाव आपल्या ‘आनंद’वरूनच पडलंय) डॉक करून बघा. ओळखीचेच रेणू नीट बसत नसतील तर अनोळखी लाखभर रेणू चाळण्यात काही अर्थ नाही.

हो, एक राहिलं. क्रिस्टलमधलं सीबी१ जसंच्या तसं नसतं. ५एक्सआरएमध्ये आतल्या तिसऱ्या लूपच्या जागी फ्लेवोडॉक्सिन हे वेगळंच प्रोटीन शिवलंय, दोन्ही टोकं छाटलीत, काही अमिनो आम्लं बदललीत. आणि तुम्हाला अँटॅगोनिस्टच हवा असेल, म्हणजे रिसेप्टर रोखणारा, समजा मेंदूत न शिरणारा, तर २.६ वाली फाइल उत्तम. एवढं सरांच्या बाजूने.

हेलिक्स आत सरकल्याचं ते चित्र मी त्यांना मेल केलं होतं. उत्तर आलं, “रेझोल्यूशन किती?”