सासऱ्यांची इम्पाला आणि न जुळलेली दांडी

जालन्याहून एका वाचकाने लिहिले आहे: "सासऱ्यांची १९६४ची शेवरोले इम्पाला संभाजीनगरच्या एका गॅरेजात दुरुस्तीला दिली. जुना पॉवरग्लाइड गिअरबॉक्स गेला म्हणून त्यांनी टर्बो-हायड्रामॅटिक ३५० हा दुसरा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवला. स्टिअरिंगजवळच्या गिअरच्या दांडीपासून गिअरबॉक्सपर्यंतचं लिंकेज, म्हणजे जोडणारा रॉड, मी अमेरिकेतून मागवलं, गॅरेजवाल्यानेच व्हॉट्सअॅपवर पाठवलेला पार्ट नंबर बघून. गाडी घरी आणून 'पी'वर (पार्किंगवर) लावली, तर उतारावरून घरंगळत शेजाऱ्याच्या भिंतीवर गेली. गॅरेजला परत नेली. आता म्हणतात, पार्ट तुमचा, जबाबदारीही तुमची. राहिलेले ७० हजार द्या अन् गाडी न्या. ३ लाख १० हजार आधीच दिलेत. काय करू?"

साहेब, आधी तो मेसेज जपा. पार्ट तुम्ही स्वतःच्या डोक्याने मागवला असता, तर गॅरेजवाल्याच्या बोलण्यात थोडा दम होता. नंबर त्याने दिला, म्हणजे निवड त्याची. पैसे तेवढे तुमचे. आणि पार्ट तुमचाच धरला, तरी 'पी' खरोखर लागतो की नाही हे बसवणाऱ्यानेच बघायचं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९मध्ये असा निष्काळजीपणा सेवेतली त्रुटी ठरतो. फोन विकू नका, फॉर्मॅट करू नका. मेसेज पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र लागतं.

आता गाडीखाली बघू. मी मेकॅनिक नाही, पण अशाच एका आशिलासाठी एकदा रॅम्पखाली उभं राहून मान मोडून घेतली आहे. पॉवरग्लाइडला पी, आर, एन, डी, एल असे पाचच टप्पे, ३५०ला सहा. टप्प्यांमधलं अंतर आणि गिअरबॉक्सवरच्या हाताची (टप्पा बदलणाऱ्या पट्टीची) लांबी जुळली नाही, तर वरचा काटा 'पी' दाखवतो आणि गाडी अडवून धरणारा आतला खटका दातात पुरता बसतच नाही. तपासणी सोपी आहे: रॉड सोडवायचा, गिअरबॉक्सवरची ती पट्टी हाताने फिरवून 'पी'च्या खाचेत बसवायचा, वरची दांडीही 'पी'वर ठेवायची आणि रॉडचं भोक पिनवर येतं का ते बघायचं. तुमच्या गाडीत ते बोटभर बाजूला राहिलं, तर वाद बराचसा तिथेच मिटतो.

पण ही तपासणी गॅरेजवाल्याने लिंकेजला पुन्हा पाना लावायच्या आत व्हायला हवी. म्हणून याच आठवड्यात परवानाधारक वाहन सर्वेअर घेऊन जा, व्हिडिओ करा, लेखी अहवाल घ्या. आत घेतलं नाही, तर तेही लेखी नोंदवून स्पीड पोस्टाने पाठवा.

७० हजारांचं काय? करार कायद्याच्या कलम १७०प्रमाणे कारागिराला मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवता येते, पण ती ठरल्या हेतूने केलेल्या कामाची मजुरी असावी लागते. तुम्ही भांडू शकता. तरी माझं मत विचाराल तर पैसे भरा. बँकेतून, 'हक्क राखून, तक्रारीसह' असं लेखी कळवून. सहा महिने पत्र्याखाली उभी राहिलेली जुनी गाडी जिंकून काय करणार? मात्र ती टोइंगवर आणा, चालवत नको.

मग १५ दिवसांची नोटीस. दाद मिळाली नाही तर तक्रार जालन्याच्या जिल्हा ग्राहक आयोगातच करता येते, कारण तुम्ही तिथे राहता. मुदत दोन वर्षं, आणि सेवेसाठी दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. शेजाऱ्याच्या भिंतीचा खर्चही त्यात मागा. गवंड्याची पावती मात्र हवी, तोंडी हिशेब चालत नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही. २०२१च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी गाडी 'विंटेज' म्हणून नोंदवता येते; शुल्क २० हजार, मुदत १० वर्षं. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार नकोत. या यादीत गिअरबॉक्सचं नाव नाही, पण 'मूळ स्वरूप' या शब्दांवर उद्या कोण कसं बोट ठेवेल? तेव्हा गॅरेजातून निघताना काढलेला पॉवरग्लाइड आणि त्याचं जुनं लिंकेज मोजून परत घ्या. ते भंगारात गेलं म्हणाले, तर तेवढं त्यांच्याकडून लिहून घ्या.