दमणला जाऊ का मावशी?

"मावशी, साडेपाच महिने झाले, एक थेंब नाही. घरात फक्त बायकोला माहितीये. कॉलेजचा ग्रुप शनिवारी दमणला चाललाय, नुसतं थम्सअप घेऊन बसलो तर चालेल ना? दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगला जायची लाज वाटते, बडोद्यात आपली मराठी माणसं सगळी एकमेकांना ओळखतात." – दांडिया बाजार, बडोदा

साडेपाच महिन्यांबद्दल आधी शाब्बास रे. आणि दमणला जाऊ नकोस. थम्सअपवर बसेन हे संध्याकाळी सातला खरं असतं, साडेदहाला बाकीचे तोच किस्सा तिसऱ्यांदा सांगून खिदळत असतात, कोणीतरी "एवढ्याने काय होतंय" म्हणत तुझ्या ग्लासात ओततो, गाडी दुसऱ्याची, हॉटेल बुक केलेलं, मग निघणार कसा तू? दमणला दारू खुली, बडोद्याहून लोक तिथे समुद्र बघायला जात नाहीत हे तुलाही माहितीये न् मलाही.

पण मला जास्त खटकलं ते "फक्त बायकोला माहितीये". आपल्याकडे गुजरातमध्ये दारूबंदी, त्यामुळे इथे पिणाऱ्याची अर्धी अक्कल लपवण्यातच जाते, बाटली कुठे ठेवायची, फोनवर काय बोलून मागवायची, बडीशेप चघळत आईसमोर किती लांब बसायचं. तू पिणं सोडलंस पण लपवणं तसंच ठेवलंस की! उद्या घसरलास तर कोणाला कळणारच नाही, म्हणजे अडवणारं पण कोणी नाही. आणि ती बिचारी तू घरी आलास की काहीतरी निमित्त काढून जवळ येऊन वास घेते असं तूच लिहिलंयस, तिला बायको राहू दे ना, किती दिवस पहारेकरी करणार? घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन म्हणून वेगळे ग्रुप असतात, तिला सांग.

तुझी ती मीटिंग, म्हणजे दारू सोडणाऱ्यांची संघटना अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, १९३५ पासून चालू आहे, फी नाही, आडनाव विचारत नाहीत, पिणं थांबवायची इच्छा हवी एवढीच अट. ओळखीचं कोणी निघालंच तर तो काय तिथे भाजी घ्यायला आलाय? अगदीच धीर होत नसेल तर ऑनलाइन मीटिंगपासून सुरुवात कर. तिथे स्पॉन्सर मिळतो, म्हणजे आधी सोडलेला माणूस, ज्याला तलफ आली की फोन करायचा. तलफ बहुतेक वेळा अर्ध्या तासात उतरते, तेवढा वेळ कोणाशी तरी बोलत राहिलं की झालं, म्हणून नंबर आधीच सेव्ह हवा, त्या वेळी शोधायला डोकं चालत नाही.

डॉक्टरकडे गेलो तर पोलिसांचं लफडं होईल का असंही विचारलंयस. नाही रे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या व्यसनाने होणारा त्रास आजारातच धरलाय आणि तुझी माहिती गुप्त राहणं हा तुझा हक्क आहे. सरकारी हेल्पलाइन १४४४६, फुकट आहे. आणि देव न करो, परत रोजचं सुरू झालंच तर आपल्या मनाने एकदम बंद करू नकोस, फिट येऊ शकते, ते डॉक्टरच्या देखरेखीखालीच.

दारू सुटावी म्हणून सासूबाईंनी भाजीत कालवायला दिलेली पुडी मात्र बायकोला आजच फेकायला सांग. असल्या पुड्यांत काय असतं देव जाणे, डायसल्फिरम (दारू सोडवायचं औषध) असलं आणि वरून दारू पोटात गेली तर बीपी असं पडतं की जिवावर बेततं. औषध म्हणून ते चांगलंच आहे, पण घेणाऱ्याला माहिती असेल आणि डॉक्टर बघत असेल तरच. सासूबाईंना वाईट वाटेल, वाटू दे.

ग्रुपवर "या वेळी जमत नाही" एवढंच लिही, कारण देऊ नकोस. त्यातला जो तुझा खरा जिवलग आहे त्याला मात्र वेगळा फोन कर आणि सगळं सांग. घरात आईला कधी सांगायचं ते तू ठरव, पण दिवाळीपर्यंत लांबवू नकोस, असं मला वाटतं. आणि शनिवारची संध्याकाळ मोकळी सोडू नकोस, उपाशी पोटी तलफ जास्त छळते, तेव्हा आधी बायकोबरोबर सेवउसळ आणि मग मीटिंग.