लॅपटॉपला लॅनचं पोर्टच नाही, मग नोड-लॉक्ड लायसन्ससाठी कुठला मॅक अ‍ॅड्रेस द्यायचा?

तुम्ही कोथरूडला घरूनच डिझाइनची कामं घेता, नव्या पातळ लॅपटॉपला लॅनचं पोर्ट नाही आणि नोड-लॉक्ड, म्हणजे एकाच यंत्राला बांधलेलं सॉफ्टवेअर लायसन्स देणारा विक्रेता 'इथरनेटचा (लॅनचा) मॅक अ‍ॅड्रेस पाठवा' म्हणून अडून बसलाय. मॅक अ‍ॅड्रेस म्हणजे नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक. पण पोर्ट नाही म्हणून लायसन्स अडत नाही. वायफाय कार्डालाही तसाच मॅक असतो: 48 बिटांचा, म्हणजे 12 अंकी हेक्स आकडा (0 ते 9 आणि ए ते एफ यांचा). त्याचा पहिला भाग आयईईई ही मानकं ठरवणारी संस्था उत्पादकाला नेमून देते, उरलेला उत्पादक स्वतः भरतो. लायसन्स तपासणारा प्रोग्रॅम वायर जोडलीय का ते बघत नाही, लायसन्सच्या फाइलमधला आकडा यंत्रात सापडतोय का एवढंच बघतो. त्यामुळे लायसन्सची मुदत संपेपर्यंत कुठला आकडा न बदलता लॅपटॉपसोबत राहील, हे आधी ठरवा.

विक्रेत्याला पहिल्यांदा विचारा की मॅकऐवजी सी ड्राइव्हचा व्हॉल्यूम सीरियल नंबर (ड्राइव्ह फॉरमॅट करताना त्याला मिळणारा क्रमांक) चालेल का. मॅटलॅब हे गणिती सॉफ्टवेअर विंडोजवर हाच घेतं, व्हिवाडो या चिप डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स बनवतानाही डिस्कचा क्रमांक निवडता येतो. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'व्हॉल' (vol) ही कमांड दिली की तो 8 अंकी दिसतो. ड्राइव्ह फॉरमॅट केला तर मात्र तो बदलतो, तेव्हा विंडोज नव्याने टाकायचं असेल तर ते लायसन्स मागण्याआधीच उरका.

ते नाही म्हणाले तर वायफायचा मॅक द्या. इथे एक गोष्ट आवर्जून तपासा. विंडोजच्या वायफाय सेटिंगमध्ये 'रँडम हार्डवेअर अ‍ॅड्रेसेस' नावाचं बटण असतं. ते चालू असेल तर विंडोज खऱ्या मॅकऐवजी बनवलेला पत्ता वापरतं, आणि तोच तुम्ही पाठवलात तर आज चाललेलं सॉफ्टवेअर उद्या 'इनव्हॅलिड होस्ट' म्हणेल. आधी ते बंद करा, मग 'आयपीकॉन्फिग ऑल' (ipconfig /all) कमांडने फिजिकल अ‍ॅड्रेस बघा. पत्त्याचा दुसरा अंक 2, 6, ए किंवा ई असेल तर तो कारखान्यातून आलेला नाही. रँडम तरी आहे नाहीतर एखाद्या व्हर्च्युअल अडॅप्टरचा. त्या यादीत ब्लूटूथ, व्हीपीएन, व्हर्च्युअल मशीन असे सगळेच रांगेत उभे असतात, म्हणून ओळीवरचं वर्णन वाचूनच आकडा उचला. नंतर डिव्हाइस मॅनेजरमधून वायफाय डिसेबल केलंत तरी लायसन्स अडू शकतं. कार्ड बदललं तर आकडा गेलाच, आणि पातळ लॅपटॉपमध्ये ते पुष्कळदा मदरबोर्डवरच बसवलेलं असतं, म्हणजे बोर्ड बदलला की तोही बदलला.

यूएसबी-लॅन अडॅप्टरचा मॅक देणं बहुतेकांना सर्वांत सोपं वाटतं, मी मात्र तो शेवटी ठेवतो. मॅक त्या अडॅप्टरचा असतो, लॅपटॉपचा नव्हे. चाकणला क्लायंटकडे गेलात आणि अडॅप्टर घरी राहिला, की काम ठप्प. तो घ्यायचाच असेल तर बुधवार पेठेत तपकीर गल्लीत सहज मिळेल, पण अगदी स्वस्तातला घेऊ नका. तसल्या काही मालात अनेक नगांवर एकच मॅक छापलेला सापडतो. चांगल्या कंपनीचा घ्या, त्यावर लायसन्सचं लेबल चिकटवा आणि इंटरनेटसाठी कोणाला उसना देऊ नका. तोच अडॅप्टर दुसऱ्या लॅपटॉपला लावून सॉफ्टवेअर चालवायला करारात परवानगी आहे का, तेही वाचा. नोड-लॉक्डमध्ये ती बहुधा नसते. दुसऱ्याच्या डॉकिंग स्टेशनचा (लॅपटॉपला जादा पोर्ट देणाऱ्या डब्याचा) मॅक तर देऊच नका.

मॅक हाताने बदलून जुनी फाइल चालवायचा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. तो ऐकू नका. करार मोडतो, आणि उद्या लायसन्सची तपासणी झाली तर तुमच्यासोबत तुमचा क्लायंटही अडचणीत येतो. यंत्र बदललं तर विक्रेत्याकडे रीहोस्टची, म्हणजे लायसन्स नव्या यंत्रावर हलवण्याची, रीतसर सोय असते. ती वर्षातून किती वेळा मिळते आणि लॅपटॉप बंदच पडला तर काय करायचं, हे पैसे भरण्याआधी मेलवर लिहून घ्या.

यूएसबीला लावायची हार्डवेअर की (यंत्राऐवजी जिला लायसन्स बांधलेलं असतं ती छोटी वस्तू) विक्रेता देत असेल आणि तुम्ही दोन यंत्रांवर काम करत असाल, तर थोडे पैसे जास्त गेले तरी मी तीच घेईन. सॉफ्टवेअर कुठलं आणि विंडोज की लिनक्स, ते कळवलंत तर आकडा नेमका कुठून उचलायचा ते सांगतो.