कोणतं अ‍ॅप, हे नंतर विचार

तुझा मेसेज वाचला. अभ्यासिकेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून कोणीतरी तुझा नंबर उचलला. आधी चालू घडामोडींच्या नोट्स मागितल्या, मग रात्री साडेअकराला फोन, मग डीपीवर शेरे. रूममेट म्हणते टेलिग्रामवर जा, तिथे नंबर दिसत नाही. भाऊ म्हणतो सिग्नल घे. क्लासमधलं कोणी म्हणतं अरट्टाई घे, आपल्या देशातलं आहे. आणि तू मला विचारतेस, काकू, सगळ्यात सेफ कोणतं?

एका शब्दात उत्तर देता येईल, पण देणार नाही. तीन वर्षांनी नवं अ‍ॅप येईल आणि तू पुन्हा कोणाला तरी हेच विचारत बसशील. अ‍ॅप कुठलंही असो, त्याला दोन प्रश्न विचारायचे. मी लिहिलेलं कुठे पडून राहतं? आणि ते उघडायची किल्ली कोणाकडे असते? कंपनी देशी की परदेशी, तिचा मालक सज्जन की लबाड, हे सगळं त्यानंतर.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. ज्या माणसाला सगळं दिसतं, तो माणूस मीच होते. एका संस्थेत बरीच वर्षं मी सर्व्हर सांभाळले. कर्मचाऱ्यांचे मेल, आतल्या आत चालणारं चॅट, सगळं माझ्या हाताखाली. लोक त्यावर एकमेकांशी आजारपणाबद्दल, कर्जाबद्दल, साहेबांबद्दल बोलायचे. पासवर्ड टाकला की आपलं बोलणं आपल्यापुरतं, असं त्यांना वाटायचं. तो पासवर्ड मला लागतच नसे. एक दिवस वरून निरोप आला की अमुक बाईंचे गेल्या तीन महिन्यांचे मेसेज काढून द्या. त्यांनी वरिष्ठाविरुद्ध तक्रार करायचं ठरवलं होतं आणि मैत्रिणीला तसं लिहिलं होतं. मी म्हटलं, लेखी द्या, नाहीतर काढणार नाही. लेखी कोण देतंय! माझी बदली झाली. माझ्या जागी आलेल्या मुलाने आल्या आठवड्यात ते काम करून टाकलं. दोन ओळींची कमांड होती. बाईंनी नोकरी सोडली.

बढती गेली, त्याचं मला काही नाही. तेव्हाही मी बरोबर होते, आजही आहे. सलतं ते वेगळंच. माझ्या नकाराचा त्या बाईंना काडीचाही उपयोग झाला नाही. मेसेज तिथे पडून होते आणि किल्ली खुर्चीला बांधलेली होती. खुर्चीतला माणूस बदलला की संपलं. म्हणून कोणी मला म्हणालं की ‘या कंपनीवर माझा विश्वास आहे’, की मला राग येतो. विश्वास ठेव गं, पण कंपनीतली माणसं बदलतात, कंपनी विकली जाते, कोर्टाचा हुकूम येतो, चोर शिरतो. जे तिथे नाहीच, ते मात्र कोणालाच काढून देता येत नाही.

याचं उदाहरण आहे. 2016मध्ये अमेरिकेत व्हर्जिनियातून सिग्नलकडे दोन नंबरांची माहिती मागितली गेली. सिग्नलने जे होतं ते दिलं. त्यातल्या एकाच नंबरावर खातं होतं, आणि त्याबद्दल देण्यासारखं एवढंच निघालं की खातं केव्हा उघडलं आणि शेवटचं केव्हा जोडलं गेलं. मेसेज नाहीत, कोण कोणाशी बोलतं त्याची यादी नाही. ते लोक शूर होते का, हा प्रश्नच आला नाही. कपाटच रिकामं होतं.

आता हेच दोन प्रश्न तुझ्या फोनला लाव.

टेलिग्रामवर नंबर लपतो, हे रूममेटचं खरं आहे. पण साधं टेलिग्राम चॅट, ग्रुप, चॅनल, हे सगळं त्यांच्या सर्व्हरवर राहतं आणि किल्लीही त्यांच्याकडेच. मेसेजना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन, म्हणजे बोलणाऱ्या दोघांखेरीज कंपनीलाही उघडता येणार नाही असं कुलूप, मिळतं ते फक्त ‘सिक्रेट चॅट’मध्ये, तेही दोघांपुरतं, आणि मुद्दाम सुरू केलं तर. पुण्यातल्या निम्म्या पोरांना हे माहीत नाही. ‘टेलिग्राम म्हणजे गुप्त’ असं एकाने दुसऱ्याला सांगितलं आणि सगळे तेच धरून चालले. ऑगस्ट 2024मध्ये टेलिग्रामचे मालक पावेल डुरोव यांना फ्रान्समध्ये अटक झाली आणि पुढच्याच महिन्यात कंपनीने जाहीर केलं की नियम मोडणाऱ्यांचे फोन नंबर आणि आयपी पत्ते (फोन इंटरनेटला जोडला जातो तो पत्ता) वैध सरकारी मागणी आल्यास दिले जातील. गुन्हेगार पकडायला ते योग्यही असेल. मी एवढंच म्हणते की द्यायला त्यांच्याकडे काहीतरी आहे.

व्हॉट्सअ‍ॅपचं उलटं. एप्रिल 2016पासून मजकूर एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहे, तो कंपनीला वाचता येत नाही. पण तू ग्रुपमध्ये शिरलीस की तुझा नंबर आठशे अनोळखी लोकांसमोर. तुझं दुखणं नेमकं हे आहे. मजकुराला कुलूप आहे, नंबराला नाही. शिवाय तू कोणाशी, किती वेळा, कुठल्या वेळी बोलतेस ही माहिती एन्क्रिप्शनच्या बाहेरच राहते. 2021च्या जानेवारीत फेसबुकशी माहिती वाटून घेण्याच्या नव्या धोरणाची नोटीस आली तेव्हा घरोघरी ‘सिग्नलवर या’ सुरू झालं आणि महिन्याभरात सगळे परत गुड मॉर्निंग पाठवायला हजर. त्याच धोरणासाठी नोव्हेंबर 2024मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मेटाला, म्हणजे फेसबुकच्याच कंपनीला, 213.14 कोटींचा दंड केला. तोवर लोकांनी ‘अ‍ॅग्री’ दाबून चार वर्षं होत आली होती.

अरट्टाईचं म्हणशील, तर चेन्नईच्या झोहो कंपनीचं ते अ‍ॅप 2025च्या सप्टेंबरात सगळे धडाधड उतरवून घेत होते, तेव्हा त्यातले कॉल एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड होते, साधे मेसेज नव्हते. त्या दिवसांत मी दहा जणांना विचारलं की मेसेज कुठे राहतात. प्रत्येकाने मला सर्व्हर भारतात आहेत एवढंच सांगितलं. किल्ली कोणाकडे, हे एकानेही सांगितलं नाही. आज काय स्थिती आहे ते अ‍ॅपची माहिती उघडून स्वतः वाच, क्लासमधल्या कोणाच्या तोंडून ऐकू नकोस.

तर मग करायचं काय? नोट्स, जुने पेपर, जाहिराती यांना टेलिग्राम चालेल. राज्यसेवेची प्रश्नपत्रिका साऱ्या जगाने वाचली तरी तुझं काय जातं! तिथे ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये फोन नंबर ‘नोबडी’वर ठेव, नंबरावरून कोण शोधू शकतं ते ‘माय कॉन्टॅक्ट्स’वर, आणि ग्रुपमध्ये कोण ओढू शकतं तेही. अभ्यासिकेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून बाहेर पड. ‘सगळ्या सूचना तिथेच येतात’ हे तुझं म्हणणं मला आधीच ऐकू येतंय. रूममेट त्यात आहे ना, ती सांगेल. घरच्यांशी आणि दोन-तीन मैत्रिणींशी मनातलं बोलायला सिग्नल. फेब्रुवारी 2024पासून त्यात युजरनेम घेता येतं, नंबर न देता कोणालाही जोडता येतं. खातं उघडायला नंबर लागतो, पण ज्यांच्याकडे तो नाही त्यांना तो दिसत नाही.

आणि एक गोष्ट तू मेसेजमध्ये सहज लिहून गेलीस, मी मात्र तिथेच अडकले. टेस्ट सिरीजच्या सवलतीसाठी तू हॉल तिकीट आणि आधारचा फोटो ग्रुपच्या अ‍ॅडमिनला पाठवलास? कोण तो? तो फोटो आता कुठे आहे? त्याच्या गॅलरीत, त्याच्या बॅकअपमध्ये, त्याच्या लॅपटॉपवर? ऑक्टोबर 2025मध्ये डिस्कॉर्ड या चॅटच्या कंपनीने सांगितलं की सुमारे 70,000 लोकांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो उघडे पडले असावेत. लोकांनी ते वय सिद्ध करायला दिले होते, आणि चोरी झाली ती तक्रारी हाताळणाऱ्या बाहेरच्या कंपनीकडून. एवढ्या मोठ्या कंपनीकडून जे निसटलं, ते सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्या अ‍ॅडमिनकडे टिकेल? आधारच्या साइटवर जाऊन बायोमेट्रिक लॉक कर, आजच. यापुढे देणं भागच पडलं तर मास्क्ड आधार, ज्यात शेवटचे चार अंकच दिसतात.

तू म्हणशील, काकू सगळीकडे भीतीच बघतात. माझा पुतण्याही तेच म्हणतो. त्याचं माझ्यावर एक जुनं गाऱ्हाणं आहे. माझा भाऊ, म्हणजे त्याचे वडील, कोविडच्या दुसऱ्या लाटेत गेले. दवाखान्यातून भावाने मला बरंच लिहिलं होतं, बोलून पाठवलं होतं. मी ड्राइव्हवर बॅकअप ठेवत नव्हते, कारण त्या काळी तो बॅकअप एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसे. पुढे माझा फोन गेला, बोर्डच जळाला, आणि ते सगळं गेलं. पुतण्याला वडिलांचा आवाज हवा होता. मला तो द्यायला नाही. याचं दुःख मला आहे, रोज आहे. पण भावाने त्या निरोपांत पैशांचं, घराचं, मुलाबद्दलच्या काळजीचं जे सांगितलं ते माझ्या भरवशावर सांगितलं होतं. कुठल्याशा दूरच्या कंपनीच्या कपाटात ते ठेवायचा अधिकार मला नव्हता. मी आजही तसंच करेन. ऑक्टोबर 2021पासून व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअप एन्क्रिप्ट करता येतो, 64 अंकी किल्ली घेऊन. ती सोय आली तशी मी घेतली, किल्ली वहीत उतरवून ठेवली आहे. तूही घे. ‘बॅकअप ऑन आहे’ एवढं पाहून थांबू नकोस, ‘एन्क्रिप्टेड’ लिहिलंय का ते बघ.

आता त्या माणसाचं. ब्लॉक करायच्या आधी सगळ्या मेसेजचे स्क्रीनशॉट घे, नंबर आणि वेळ दिसेल असे. कॉलची यादीही. चिडून चॅट उडवू नकोस, तो तुझा पुरावा आहे. त्याला एकदाच, स्पष्ट लिही की मला संपर्क करू नकोस. नकार देऊनही स्त्रीशी पुन्हा पुन्हा संपर्क साधणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78खाली गुन्हा आहे, आणि तुझा नकार लेखी असला की तक्रार भक्कम होते. तक्रार सायबरक्राइम पोर्टलवर करता येते, पोलीस ठाण्यातही. तुझा डीपी उचलून त्याने काही घाणेरडं बनवलं, तशी धमकी दिली, तर स्टॉप-एनसीआयआय नावाची सोय आहे. तिथे फोटो पाठवायचा नसतो. तुझ्याच फोनवर त्याचा डिजिटल ठसा बनतो, फक्त तो जातो, आणि सहभागी कंपन्या त्यावरून तो फोटो अडवतात. ही सोय ज्यांनी बांधली त्यांनी आधी फोटो कुठे राहील याचा विचार केला, म्हणून मी ती बिनधास्त सांगते.

नंबर मात्र बदलू नकोस. पोलीस ठाण्यातही कोणी सुचवेल, ऐकू नकोस. एमपीएससीची प्रोफाइल, बँक, आधार, सगळं त्यावर आहे. बंद केलेला नंबर 90 दिवसांनंतर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. मग तुझे ओटीपी कोणाच्या हातात? आणि नंबर त्याने उचलला, तर सोडायचा तू का?

एमपीएससी कम्बाइनची पूर्व परीक्षा तोंडावर आहे, तुझे दिवस यात जाऊ नयेत असं मलाही वाटतं. स्क्रीनशॉट आज काढ. तक्रारीचा मजकूर लिहून मला दाखव, सिग्नलवर. ठाण्यात जायचं ठरलं तर एकटी जाऊ नकोस, मी येते. सकाळी अकराच्या आधी सांग, दुपारी मला डॉक्टरकडे जायचं असतं.