मीठ ओतण्याआधी सेल उघडून बघा

स्विमिंग पूलच्या मिठापासून क्लोरीन बनवणाऱ्या यंत्रावर ‘लो सॉल्ट’चा (मीठ कमी) दिवा लागला म्हणून लगेच मिठाची गोणी ओतू नका, दादा. आधी मीठ मोजायच्या स्ट्रिपने पाणी तपासा. बऱ्याच यंत्रांना ३००० पीपीएमच्या (लिटरला साधारण ३ ग्रॅम) आसपास मीठ पुरतं. ते बरोबर असेल तर मेन बंद करून सेल (यंत्राचा क्लोरीन बनवणारा भाग) काढा आणि उजेडात धरा. पट्ट्यांमध्ये पांढरा थर दिसला तर स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका, वरचा लेप जातो आणि सेल कायमचा बाद. पातळ केलेल्या ॲसिडने धुवा. ॲसिड नेहमी पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही.

वायरिंग लायसनवाल्या इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या: ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), पक्कं अर्थिंग, आणि यंत्राची लाइन पंपाच्या टायमरमधूनच. पंप बंद आणि सेल चालू राहिला तर आत हायड्रोजन साठतो, स्फोट होऊ शकतो. नुसत्या फ्लो स्विचच्या (पाणी वाहतंय का ते ओळखणारा स्विच) भरवशावर राहू नका, तो अडकतो.