बाप सोडून गेला, आता पोराच्या कागदांचं काय?

प्रश्न: मी न्यूयॉर्कला, क्वीन्समध्ये राहते. नवरा एच-वन या नोकरीच्या व्हिसावर होता, मी आणि मुलगा एच-फोर या त्याच्या कुटुंबाच्या व्हिसावर आलो. तीन वर्षांपूर्वी तो नोकरी सोडून एकटाच पुण्याला निघून गेला, तेव्हापासून ना पैसे ना फोन, मुलाचे व्हॉट्सअ‍ॅप मेसेज एका टिकवरच अडकलेत. मुलगा आता साडेसतरा वर्षांचा आहे, आमचं इथे कायदेशीर राहायचं स्टेटस कधीच संपलंय. कोणी म्हणतं त्याला ग्रीन कार्ड मिळेल, कोणी म्हणतं आई जवळ आहे ना, मग नाही मिळणार. खरं काय?
– एक आई

उत्तर: ताई, आई जवळ असली तरी चालतं. या सोयीचं नाव स्पेशल इमिग्रंट जुवेनाइल, वकील लोक एसआयजे म्हणतात. १९९० पासून आहे, पण २००८ मध्ये कायदा बदलला आणि दोघांपैकी एका पालकाने जरी मारहाण केली, हेळसांड केली किंवा वाऱ्यावर सोडलं तरी मूल अर्ज करू शकतं असं झालं. मुलगा २१ च्या आत हवा, लग्न झालेलं नको, आणि अमेरिकेतच हवा.

आधी जायचं फॅमिली कोर्टात, इमिग्रेशनकडे नंतर. तिथला जज ग्रीन कार्ड देत नाही, तो फक्त लिहून देतो की बापाकडे परत जाणं शक्य नाही आणि भारतात परत पाठवणं मुलाच्या हिताचं नाही. बऱ्याच राज्यांत १८ पूर्ण झाले की हे दार बंद होतं, पण न्यूयॉर्कमध्ये मुलाची संमती असेल तर २१ पर्यंत गार्डियनशिप, म्हणजे कोर्टाने दिलेलं पालकत्व, मिळते आणि तुम्ही स्वतःच अर्ज करू शकता. पोटच्या पोराची गार्डियन व्हायचं म्हणजे ऐकायला विचित्रच, पण रस्ता तोच आहे. तरी घाई करा. त्या एका टिकवाल्या मेसेजेसचे तारखेसकट स्क्रीनशॉट काढा, भाडं कोणी भरलं, शाळेच्या कागदांवर सही कुणाची, सगळं जपून ठेवा. एक गोष्ट मात्र जड जाईल, कोर्टाची नोटीस बापाला जाते, म्हणजे त्याचा पत्ता शोधावा लागणार.

कोर्टाची ती ऑर्डर जोडून मग आय-३६० फॉर्म, म्हणजे इमिग्रेशनकडे करायचा एसआयजेचा अर्ज. वय त्या फॉर्मच्या तारखेला मोजतात, नंतर २१ झाला तरी हरकत नाही, पण निकाल लागेपर्यंत लग्न नको. तो मंजूर झाला तरी ग्रीन कार्डसाठी व्हिसा नंबरची रांग आहे, वर्षानुवर्षं चालते, आणि एसआयजे मिळालं म्हणून डिपोर्टेशनची भीती संपली असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. म्हणून फॉर्म भरून देणाऱ्या एजंटकडे जाऊ नका, इमिग्रेशनचा वकीलच गाठा, मुलांच्या केसेस फुकट लढणाऱ्या संस्था न्यूयॉर्कमध्ये आहेत.

आणि तुम्ही विचारलं नाहीत, पण सांगतेच. हे कार्ड फक्त मुलाचं. पुढे तो सिटिझन झाला तरी या वाटेने कार्ड मिळालेला मुलगा आईबापाला स्पॉन्सर करू शकत नाही, सोडून गेलेल्या बापाला नाही आणि सांभाळणाऱ्या आईलाही नाही. मला हे अन्यायाचं वाटतं, पण कायदा तसा आहे. तेव्हा वकिलाकडे जाल तेव्हा स्वतःच्या केसचं वेगळं विचारा.